‘झाड तर आधीच पडलंय’: दुर्मिळ लाकडाचा तुकडा घ्यावा की नाही

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे उत्तर भरकटणार नाही. तुम्ही नाशिकला नोकरी सांभाळून लेथवर पेनं, छोट्या वाट्या आणि डब्या करता. आता ओळखीबाहेरची गिऱ्हाइकंही येऊ लागली आहेत. एका ऑनलाइन विक्रेत्याकडे ‘मादागास्कर रोझवूड’, ‘आफ्रिकन ब्लॅकवूड’, ‘एबनी’ अशा नावांनी पेनाच्या मापाचे तुकडे मिळतात. शिवाय वखारीतल्या एकाने रक्तचंदनाचे ‘उरलेले’ तुकडे किलोवर देऊ केलेत. भावाचं म्हणणं असं की झाड तर आधीच पडलंय, तू नाही घेतलंस तर दुसरा घेईल. तुम्हाला विचारायचंय ते हे की यात गैर काय आहे का, आणि अमेरिकेतल्या बहिणीला शिसवी डबी पाठवता येईल का.

रक्तचंदनाचं उत्तर आधी देऊन टाकतो, कारण त्यात ‘परिस्थितीवर अवलंबून’ असं काही नाही. घेऊ नका. हे झाड निसर्गतः जवळजवळ फक्त आंध्रच्या दक्षिणेकडच्या पूर्व घाटात होतं, शेषाचलम, कडप्पा, चित्तूरच्या कोरड्या डोंगरांत. लागवडीतलं रक्तचंदन कायदेशीर असू शकतं, पण त्याला कागद असतात आणि तो कागद दाखवायला विक्रेता लाजत नाही. तुम्हाला मिळतंय ते बिनकागदाचं. भारतीय वन अधिनियम १९२७ मधलं कलम ६९ सांगतं की वनोपज सरकारची आहे की नाही असा वाद उभा राहिला, तर उलट सिद्ध होईपर्यंत ती सरकारचीच मानायची. म्हणजे सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर. आणि कायदा बाजूला ठेवला तरी एक गोष्ट लक्षात असू द्या. ७ एप्रिल २०१५ ला शेषाचलमच्या जंगलात आंध्र पोलिसांच्या कृती दलाच्या गोळीबारात २० माणसं मेली. बहुतेक तमिळनाडूतली, लाकूड तोडायला मजुरीवर आणलेली असं सांगितलं गेलं. त्या साखळीत गाडीभर ओंडके पाठवणारा क्वचित सापडतो. पेनासाठी एवढ्या भानगडीचं लाकूड हवंय कशाला? शिवाय त्याचा तो लालभडक रंग हवा-उजेड लागून काळपट जांभळा होत जातो, हे विकणारा सांगत नाही.

आता खरा प्रश्न. तुम्ही ‘दुर्मिळ’ आणि ‘परदेशी’ हे एकाच दमात लिहिलंय. कामाच्या टेबलावर ते दोन वेगळे कप्पे आहेत. वेडी बाभूळ परदेशी आहे आणि मराठवाड्यात ती उपटून लोकांचे हात दुखतात. उलट आपला बिबळा सह्याद्रीचा अस्सल रहिवासी, पण चांगल्या जाडीचं झाड आता शोधावं लागतं. डायबिटीसवाल्यांना रात्री पाणी ठेवून सकाळी प्यायला जे लाकडी पेले विकतात, ते बिबळ्याचेच. ‘देशी’ म्हणून त्याची तोड कोणाच्या डोळ्यात येत नाही. तेव्हा लाकूड कुठल्या देशाचं हा मुद्दा माझ्यासाठी गौण आहे. मी दोन गोष्टी पाहतो: हे लाकूड कुठल्या झाडाचं, कुठून आलं, हे मला खात्रीने सांगता येतं का. आणि माझ्या हातून ते विकलं गेलं की बाजारात नेमकी कशाची मागणी वाढते.

कायद्याची पातळी आधी, कारण तिच्या खाली उतरायचं नाही. धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारासाठी सायटीस करार आहे, १९७५ पासून लागू. त्याच्या परिशिष्ट १ मध्ये असलेल्या जातींचा व्यापार जवळपास बंद. ब्राझिलियन रोझवूड तिथे १९९२ पासून आहे. परिशिष्ट २ मध्ये व्यापार चालतो, पण परवान्याने. २ जानेवारी २०१७ पासून डालबर्जिया, म्हणजे शिसव-रोझवूडच्या गणातल्या उरलेल्या झाडून सगळ्या जाती या दुसऱ्या परिशिष्टात आल्या. म्हणजे आपला शिसव, उत्तरेकडचा शीशम आणि तुमचं आफ्रिकन ब्लॅकवूडसुद्धा, कारण नावात काहीही असो, तेही डालबर्जियाच. मादागास्करच्या रोझवूड आणि एबनीचा निर्यात कोटा २०१३ पासून शून्य ठेवला गेला. २००९ च्या सत्तांतरानंतर तिथल्या मासोआला, मारोजेजीसारख्या संरक्षित जंगलांतून झालेली तोड हे त्यामागचं कारण. तेव्हा आज कोणी ‘मादागास्कर रोझवूड’ असं लेबल लावून तुकडे विकत असेल तर तीनच शक्यता उरतात: माल फार जुना आहे, चोरटा आहे, किंवा लेबल खोटं आहे. माझा अंदाज बहुतेक वेळा तिसऱ्याकडे झुकतो, पण त्याने समाधान मानण्यासारखं काही नाही. आपल्याकडे वन्यजीव कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि सायटीसच्या याद्या आपल्या कायद्यात आल्या. आता ‘ते आंतरराष्ट्रीय वगैरे आहे’ म्हणून झटकता येत नाही.

पण यादीत नाव नाही म्हणजे सगळं आलबेल, असंही नाही. वेंगे हे काळ्या-तपकिरी पट्ट्यांचं कांगो खोऱ्यातलं लाकूड. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटांत त्याच्या व्हिनियरची मध्यंतरी साथच आली होती. निसर्गरक्षणाचं काम करणाऱ्या आययूसीएन या जागतिक संघटनेने त्याला धोक्यातली जात ठरवलं, तरी बरीच वर्षं ते सायटीसच्या बाहेर होतं. यादीत नाव चढेपर्यंत जंगलात जे व्हायचं ते पुष्कळदा होऊन गेलेलं असतं.

लाकूड ओळखण्याबद्दल. तुम्ही लिहिलंय, ‘रंग आणि वजनावरून एबनीच वाटतं.’ वाटतं खरं. गेल्या काही वर्षांतलं यवतमाळ जिल्ह्यातलं प्रकरण तुम्ही वर्तमानपत्रात वाचलं असेल. रेल्वेमार्गासाठी जमीन गेलेल्या एका शेतकरी कुटुंबाने आपल्या शेतातलं जुनं झाड रक्तचंदनाचं असल्याचं सांगून भरपाई मागितली, उच्च न्यायालयात एक कोटी रुपये भरले गेले, आणि पुढे बंगळुरूच्या काष्ठविज्ञान संस्थेच्या तपासणीत ते बिजासाल, म्हणजे आपला बिबळाच निघालं. किंमत काही हजारांवर आली. दोन्ही झाडं टेरोकार्पस या एकाच गणातली, चुलत भावंडं. उभं झाड, पानं, शेंगा डोळ्यांसमोर असताना एवढा गोंधळ होतो, तर पाच इंचांच्या, मेणात बुडवलेल्या तुकड्यावरून तुम्ही-मी काय सांगणार? मी लेथवर आयुष्य काढलंय आणि तरी अनोळखी काळ्या लाकडाचं नाव छातीठोकपणे सांगत नाही. आडव्या छेदावर पटाशीने स्वच्छ काप घेऊन दहा पट भिंगाखाली छिद्रांची मांडणी पाहतो. त्याने ‘हे अमुक नक्की नाही’ एवढं कळतं. ‘हे अमुकच आहे’ यासाठी बंगळुरूच्या त्या संस्थेकडे नमुना पाठवता येतो. महागडा ओंडका असेल तर पाठवावा. पेनाच्या तुकड्यासाठी कोणी पाठवत नाही, आणि विक्रेत्यांना हे पक्कं ठाऊक आहे.

आता भावाच्या मुद्द्याकडे. तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तुमचा भाऊ चुकीचं बोलतोय असं नाही. अर्धं बरोबर बोलतोय, म्हणूनच तो मुद्दा चिवट आहे.

‘उरलेला तुकडा’ दोन प्रकारचा असतो. एक खरा उरलेला. फर्निचरवाल्याकडे जुना शिसवी पलंग दुरुस्तीला येतो, मोडका भाग कापून टाकतात. त्या तुकड्याला एका बाजूला जुनं पॉलिश असतं, कुठे खिळ्याचं भोक, कुठे सांध्याची खाच. मापं वेडीवाकडी. तो बंबात जाण्याऐवजी तुमच्या लेथवर आला तर कोणाचं काही बिघडत नाही. असे तुकडे मी आनंदाने घेतो. दुसरा प्रकार म्हणजे ‘उरलेला’ म्हणून विकला जाणारा. सगळे एका मापाचे, टोकांना मेण, नुसता गाभा, कुठे गाठ नाही, आणि ‘दोनशे हवे असतील तर पुढच्या महिन्यात देतो’ अशी हमी. जे मागणीप्रमाणे पुढच्या महिन्यात पुन्हा उरणार आहे ते उरलेलं नसतं. ते मुद्दाम कापलेलं असतं.

खऱ्या उरलेल्यातही एक गोम आहे. वखारवाला ओंडका घेताना बोली लावतो ती त्यातून निघणाऱ्या सगळ्याच मालाचा हिशेब करून. पूर्वी कडेचे तुकडे जळणाच्या भावाने जात. आता तेच हौशी मंडळी शंभरपट भावाने नेतात म्हटल्यावर पुढच्या ओंडक्याला तो थोडी जास्त बोली लावू शकतो. एकट्या तुमच्या खरेदीने हा फरक पडत नाही. पण त्या जातीच्या तुकड्यांना बाजार आहे हे एकदा ठरलं की पडतो. म्हणून तुकडा किती छोटा यापेक्षा त्याला किंमत किती मिळतेय हे मी पाहतो. जळणाच्या भावाजवळ असेल तर बहुधा खरा उरलेला. सोन्याच्या भावाने असेल तर तो धंद्याचा भाग आहे.

आणि ‘दुसरा घेईल’ याबद्दल. आपण कारागीर वापरतो ते लाकूड एकूण व्यापारात नगण्य आहे, हे मान्य. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ व गुन्हेविषयक कार्यालयाच्या अहवालांत, जगभर पकडल्या गेलेल्या चोरट्या वन्यजीव मालात किमतीने सुमारे एक तृतीयांश वाटा रोझवूड म्हणून विकल्या जाणाऱ्या लाकडांचा दिसतो, हस्तिदंतापेक्षाही जास्त. तो माल कंटेनरने जातो, मुख्यतः चीनच्या महागड्या फर्निचरसाठी. त्यापुढे तुमची पेनं म्हणजे काहीच नाही. पण आपण नुसते वापरणारे नसतो, दाखवणारेही असतो. एका पेनाचा फोटो, खाली ‘दुर्मिळ मादागास्कर रोझवूड, मर्यादित नग’, आणि तो पाहून कोणी तसाच जेवणाचा टेबल मागतो. पेनातल्या लाकडाचं वजन काही ग्रॅम, पण त्याने लावलेल्या चटकेचं वजन तुम्हाला मोजता येत नाही. माझी सगळ्यात जास्त हरकत त्या ‘दुर्मिळ’ शब्दावर पैसे मागण्याला आहे. वस्तूची किंमत कामाची असावी. झाड संपत आलंय याची किंमत आपण वसूल करायला लागलो की संपण्यातच आपला फायदा.

ही आवड कशी घडते, आणि बदलूही शकते, याचं मला माहीत असलेलं सर्वांत चांगलं उदाहरण कॅमेरूनमधलं आहे. टेलर गिटार्स या अमेरिकी कंपनीने एका स्पॅनिश भागीदाराबरोबर २०११ साली याउंदेमधली एबनीची गिरणी विकत घेतली. गिटारीच्या दांडीवर बोटं फिरतात ती काळी पट्टी एबनीची असते. कंपनीचे सहसंस्थापक बॉब टेलर यांनी तोडणाऱ्यांशी बोलून पाहिलं तेव्हा कळलं की एबनीचं झाड बाहेरून पाहून आतला गाभा काळाभोर आहे की करड्या-तपकिरी पट्ट्यांचा, हे सांगताच येत नाही. पट्ट्यांच्या लाकडाला भाव नाही. मग तोडणारा काय करणार? तोडत जायचं. एक काळंभोर मिळेपर्यंत दहा झाडं पडायची आणि बाकीची जंगलात तिथेच सोडून द्यायची. त्या लाकडात कमी काही नव्हतं. तितकंच घट्ट, तितकंच टिकाऊ. फक्त ‘एबनी म्हणजे काळंच’ असं हजारो मैलांवरच्या दुकानांत ठरलं होतं. कंपनीने मग पट्ट्यांचं लाकूडही घ्यायला सुरुवात केली, तोडणाऱ्याला त्याचेही काळ्याइतकेच पैसे दिले, आणि आपल्या महागड्या गिटारींना ते बसवलं. पुढे तिथे एबनीची लागवड आणि अभ्यासही सुरू झाला. त्या अभ्यासातून पुढे आलेली एक गोष्ट मला फार आवडली: एबनीची फळं खाऊन बिया दूर नेऊन टाकण्याचं काम जंगली हत्ती करतात, आणि जिथे हत्ती मारले गेले तिथे एबनीची कोवळी रोपं कमी दिसतात. हस्तिदंताचा चोर आणि एबनीचा ऱ्हास, दोन वेगळ्या बातम्या वाटत होत्या.

आपल्याकडे हाच आजार आहे. ‘साग द्या, पण गाठ नको, कच्चा भाग नको, रंग एकसारखा हवा.’ गिऱ्हाईक म्हणतं आणि आपण मान डोलावतो. मी आता डोलावत नाही. आंब्याच्या वाटीत बुरशीने पडलेल्या काळ्या रेघा असतील तर त्याच पुढे ठेवतो, आणि गंमत म्हणजे त्याच आधी जातात.

इथपर्यंतचं वाचून ‘परदेशी दुर्मिळ लाकूड म्हणजे पाप’ असा निष्कर्ष काढाल तर थांबा. तुमच्या यादीतलं आफ्रिकन ब्लॅकवूड घ्या. क्लॅरिनेटसारख्या वाद्यांना लागणारं हे लाकूड मुख्यतः टांझानिया आणि मोझांबिकमधून येतं. झाड इतकं मंद वाढतं की तोडण्याजोगं व्हायला सत्तर ते शंभर वर्षं धरतात. तरी टांझानियातल्या किल्वा जिल्ह्यात एक चांगलं काम झालं. गावांनी आपली जंगलं स्वतःच्या ताब्यात घेऊन किती झाडं तोडायची ते ठरवलं, आणि २००९ साली त्या सामुदायिक जंगलांना एफएससीचं, म्हणजे जंगल नीट राखून लाकूड काढल्याचं प्रमाणपत्र मिळालं. पूर्वी ओंडक्यामागे गावाला नाममात्र पैसे मिळायचे, आता लाकडाची खरी किंमत गावात येऊ लागली. अशा ठिकाणचं लाकूड आपण सगळ्यांनी घेणं बंद केलं तर जंगल वाचेल असं नाही. उलट तिथे शेत काढणं जास्त परवडायला लागेल. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने २०११ मध्ये स्वतःच्या बांबूचा वाहतूक परवाना स्वतः द्यायचा हक्क मिळवला, त्यामागचं तर्कशास्त्र हेच. ज्याचं जंगल त्याला उत्पन्न मिळालं तर राखायला कारण असतं.

तेव्हा ब्लॅकवूड घ्यायचं की नाही, हे ते किल्वासारख्या ठिकाणचं आहे का यावर ठरतं, आणि तुमच्या विक्रेत्याला ते सांगता येतं का यावर. त्याला विचारा: शास्त्रीय नाव काय, कुठल्या देशातून आलं, आयात कोणी केलं, सायटीस परवान्याची आणि वनस्पती-आरोग्य दाखल्याची प्रत आहे का. चार साधे प्रश्न. उत्तर देणारे विक्रेते आहेत, थोडे आहेत. ‘साहेब, पेनाला कोण एवढं विचारतं’ हेही एक उत्तरच आहे.

कागदाबद्दल मात्र भाबडे राहू नका. केरळात वायनाडच्या मुट्टिलमध्ये झालेलं प्रकरण पाहा. २०२० च्या ऑक्टोबरमधल्या महसूल खात्याच्या एका आदेशाचा आधार घेऊन तिथे वाटप केलेल्या जमिनींवरचे मोठमोठे शिसव पाडले गेले. आदेश २०२१ च्या फेब्रुवारीत मागे घेतला गेला, तोवर ओंडके रस्त्याला लागले होते. पुढे जप्त लाकडाची आणि उरलेल्या बुंध्यांची डीएनए तपासणी करून जुळवाजुळव करावी लागली. काही झाडं कित्येक शतकांची होती. कागद तिथेही होता. म्हणून मी कागद पाहतोच, पण त्याबरोबर माणूसही पाहतो: हा किती वर्षं या धंद्यात आहे, माल कुठून उचलतो, नको असलेला प्रश्न विचारल्यावर चिडतो का.

जुन्या लाकडाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. पाडलेल्या वाड्यांतून, चाळींतून निघालेला साग मी भरपूर वापरतो. मुंबईच्या जुन्या इमारतींतला बराचसा साग ब्रह्मदेशातून आलेला. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन १८६३ पासून तोच व्यापार करत होती. त्या तोडीचा हिशेब आता कोणाशी मांडायचा? असलेलं लाकूड कामी लावलेलं बरं. पण ‘बर्मा टीक’ म्हणून आज नवा कोरा माल कोणी देत असेल तर तो वेगळा विषय. म्यानमारने ओंडक्यांची निर्यात १ एप्रिल २०१४ पासून बंद केली, आणि २०२१ च्या लष्करी बंडानंतर तिथल्या सरकारी लाकूड कंपनीवर अमेरिका-युरोपने निर्बंध घातले. जुनं म्हणून विकतात त्यात खरंच जुनं किती हेही तपासावं लागतं. खऱ्या जुन्या तुळईत लोखंडाचे डाग असतात, वाळवीची रेघ असते, लेथची पटाशी बोथट करणारी धूळ आत शिरलेली असते. आणि कोरीव खांब, तुळया, गणेशपट्टी कापून वाट्या करू नका. ते तसेच ज्याला हवेत त्याला द्या.

मग मी काय वापरतो? बाभूळ, चिंचेचा गाभा, फणस, जांभूळ, बोर, शिरीष, शहरात वादळात पडलेले पर्जन्यवृक्ष आणि गुलमोहर, आणि सर्वांत लाडकी वेडी बाभूळ. ती लोक कोळशासाठी जाळतात, पण तिचं लाकूड वाळताना फार कमी आकसतं. डबीचं झाकण पावसाळ्यात अडकत नाही, उन्हाळ्यात सैल होत नाही. हा गुण शिसवातही इतका नाही. चिंचेचा गाभा जुन्या झाडात जांभळट काळा निघतो, पॉलिश केल्यावर लोक हमखास ‘रोझवूड का?’ विचारतात. यातही परवानगीचा भाग आहेच. महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत साग, बिजा, हळदू, खैर यांच्याबरोबर आंबा, फणस, चिंच, जांभूळसुद्धा आहेत. शेतकऱ्याच्या बांधावरचं झाड असलं तरी वनखात्याची परवानगी लागते, आणि शहरात १९७५ च्या कायद्याखाली वृक्ष प्राधिकरण आहे. पडलेलं झाड महापालिकेकडून लिलावात घेतलं तर पावती सांभाळून ठेवा.

काळं लाकूडच हवं असेल तर काळं करा. हिरड्याची पूड पाण्यात उकळून गाळून घ्या. एका बरणीत साध्या व्हिनेगरमध्ये बारीक स्टील वूल किंवा गंजके खिळे आठवडाभर ठेवा, झाकण घट्ट लावू नका, वायू सुटतो. लाकूड शेवटच्या बारीक घासकागदापर्यंत घासून घ्या, ओल्या फडक्याने पुसून उठलेले तंतू पुन्हा घासा. मग आधी हिरड्याचा हात, वाळल्यावर लोखंडाच्या पाण्याचा. काही मिनिटांत डोळ्यांदेखत काळं होतं. कलमकारीतला काळा रंग याच हिरडा-लोखंडाच्या मेळातून येतो. बाभळीत मुळातच टॅनिन (हिरड्यातलं तेच तुरट द्रव्य) भरपूर, तिला बहुतेक वेळा हिरडाही लागत नाही. रंग फार खोल जात नाही, म्हणून नंतर घासू नका. वाळल्यावर चपडा (लाखेचं पॉलिश) किंवा तेल. आणि विकताना ‘काळी केलेली बाभूळ’ असंच लिहा. ‘एबनी फिनिश’ लिहिलंत की पुन्हा त्याच बाजाराची जाहिरात झाली.

‘पण परंपरेचं काय’ असं कोणीतरी म्हणेलच. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जाऊन पाहा. सतार-तंबोऱ्यावर एके काळी हस्तिदंताची नक्षी असायची. वन्यजीव कायद्याच्या १९८६ आणि १९९१ च्या दुरुस्त्यांनी हस्तिदंताचा देशांतर्गत व्यापारही बंद झाला. कारागीर उंटाच्या हाडाकडे आणि प्लास्टिककडे वळले. काही जुने वादक कुरकुरले असतील. तंबोरे बनायचे थांबले नाहीत, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तारेच्या नादासाठी घोडी घासून जवारी लावणारा हात महत्त्वाचा होता, तो टिकला.

तुम्ही आधीच घेतलेले पंधरा-वीस तुकडे आहेत असं लिहिलंय. फेकू नका, फेकून झाड परत येत नाही. घरच्यांसाठी, मित्रांसाठी वापरा, पण विक्रीच्या पानावर त्यांचे फोटो टाकू नका. गिऱ्हाइकाने स्वतःचं लाकूड आणलं तर माझं उत्तर वेगळं असतं. आजोबांच्या शिसवी पलंगाचा मोडका पाय घेऊन कोणी आलं आणि नातवंडांसाठी पेनं करून मागितली, तर ती मी करतो आणि मनापासून करतो. आणि एक तब्येतीची गोष्ट: डालबर्जियाच्या भुश्श्याने अनेकांना त्वचेचा, श्वासाचा त्रास होतो, एकदा सुरू झाला की वाढतच जातो. कुठलंही लाकूड कातताना मास्क लावा, रुमाल बांधून भागत नाही.

राहिली बहिणीची डबी. २०१७ नंतर शिसवी वस्तूंच्या निर्यातीला परवाना लागू लागला आणि सहारनपूर, जोधपूरच्या हस्तकला धंद्याला मोठा फटका बसला. २०१९ मध्ये तयार वाद्यं वगळली गेली. दहा किलोपर्यंतच्या तयार वस्तूंना सूट होती, पण ते वजन पूर्ण खेपेचं की एकेका वस्तूचं यावर घोळ चालला. २०२२ च्या पनामाच्या बैठकीत भारताने ते स्पष्ट करून घेतलं: वजन एकेका वस्तूतल्या लाकडाचं धरायचं. तुमची डबी काही ग्रॅमची, तेव्हा सायटीसचा परवाना लागू नये. पण ती पूर्ण झालेली वस्तू असायला हवी. बहिणीचे यजमानही लेथवर काम करतात म्हणून सोबत दोन कच्चे तुकडे टाकलेत, तर त्या तुकड्यांना ही सूट नाही. चोरट्या वन्यजीव-मालाच्या व्यापाराविरुद्धच्या अमेरिकेच्या लेसी कायद्यात २००८ पासून लाकूडही येतं, आणि मूळ देशाचा कायदा मोडून आलेला माल तिथेही बेकायदेशीर ठरतो. गिब्सन या गिटार कंपनीवर २०११ मध्ये छापा पडला तो भारतातून गेलेल्या शिसव-एबनीच्या पट्ट्यांवरूनच. बिलावर ‘लाकडी डबी’ एवढंच न लिहिता लाकडाचं शास्त्रीय नाव लिहा: आपला शिसव असेल तर डालबर्जिया लॅटिफोलिया, उत्तरेकडचा शीशम असेल तर डालबर्जिया सिसू. डबीला साल किंवा किडीची भोकं नसावीत. कुरिअरवाला अडला तर त्याच्याशी वाद घालू नका, वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्यूरोच्या पश्चिम विभागाच्या कार्यालयाला आधी लेखी विचारून तो कागद पार्सलला जोडा.